बंद पडेल तेव्हा काय होईल?

एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर पाणी. त्यात लिटरमागे एक मिलीग्रॅम क्लोरीन मिसळायचा, तर दिवसाला बरोबर एक किलो लागतो. पाणीपुरवठ्यात काम करणाऱ्यांना हा हिशोब तोंडपाठ असतो, कारण पुढची सगळी गणिते त्याच्यावरच उभी राहतात. चाळीस हजार वस्तीचे तालुक्याचे गाव घ्या. माणशी 135 लिटर धरले तर 5.4 एमएलडी पाणी झाले. लिटरमागे 2 मिलीग्रॅम म्हटले तरी दिवसाचा क्लोरीन 11 किलोच्या आत बसतो. धरणातल्या जॅकवेलपासून गावातल्या उंच टाकीपर्यंत कोट्यवधींची योजना उभी राहते आणि तिच्या शेवटी रोगजंतू मारण्याचे काम या अकरा किलोंवर येऊन ठेपते.

हे अकरा किलो पाण्यात सोडणारे यंत्र अंदाजपत्रकात अगदी तळाला असते. जलवाहिन्या, पंपगृह, गाळण्या यांच्यावर बैठकीत हिरिरीने चर्चा होते. डोसिंगच्या खोलीची पाळी येईपर्यंत चहा होऊन गेलेला असतो आणि लोक घड्याळाकडे बघू लागलेले असतात. मग दोनच प्रश्न विचारले जातात. तासाला किती किलो देते? आणि केवढ्याला पडते? दोन्ही प्रश्न रास्त आहेत, पण यंत्र निवडायला पुरेसे नाहीत. जवळपास प्रत्येक यंत्र चालू असताना चांगलेच काम करते. ते बंद पडेल तेव्हा पाण्याचे काय होईल, शेजारी उभ्या असलेल्या माणसाचे काय होईल आणि ते बंद पडले हे कुणाला, किती वेळाने कळेल, या तीन प्रश्नांच्या उत्तरांत एक यंत्र दुसऱ्याहून वेगळे ठरते.

यंत्रांकडे वळण्याआधी क्लोरीन पाण्यात काय करतो ते थोडक्यात. पाण्यात पडल्या पडल्या तो जंतूंच्या मागे लागत नाही. सेंद्रिय गाळ, अमोनिया, लोह असे जे काही पाण्यात असेल त्यावर तो आधी खर्च होतो. याला पाण्याची क्लोरीनची मागणी म्हणतात. ती भागल्यावर जो शिल्लक राहतो तो मुक्त क्लोरीन. खरे काम त्याचे, आणि त्यालाही वेळ लागतो. पीएच 8 च्या खाली असलेल्या पाण्यात किमान अर्धा तास लिटरला 0.5 मिलीग्रॅम मुक्त क्लोरीन टिकावा, हा जागतिक आरोग्य संघटनेचा मापदंड आहे. आपल्याकडच्या आयएस 10500 मानकाप्रमाणे ग्राहकाच्या नळाला किमान 0.2 मिलीग्रॅम उरायला हवा. पीएच वाढला की क्लोरीनचे जहाल रूप कमी होत जाते आणि सौम्य रूप वाढते; साडेसातच्या आसपास दोन्ही निम्मी-निम्मी असतात. सांगायचा मुद्दा एवढाच, की मागणी रोज सारखी नसते. आषाढातल्या पहिल्या पुराचे गढूळ पाणी आणि पौषातले नितळ पाणी यांना एकच मात्रा चालत नाही, त्यामुळे मात्रा बदलता न येणारे यंत्र वर्षातले काही महिने खोटे बोलत असते.

मोठ्या शहराच्या पाण्यात सतत क्लोरीन सोडण्याची अमेरिकेतली पहिली यंत्रणा एका कोर्टकचेरीतून जन्मली. न्यू जर्सी राज्यातल्या जर्सी सिटीने आपल्या पाणी कंपनीवर दावा लावला होता: करारात कबूल केलेले शुद्ध पाणी कंपनी देत नाही. शहराच्या मते धरणाच्या वरच्या गावांत गटारे बांधणे हा उपाय होता. कंपनीचे सल्लागार डॉ. जॉन लील यांनी दुसराच मार्ग काढला: पाण्यात ब्लीचिंग पावडरचे द्रावण सोडायचे. ‘रसायन’ हा शब्द ऐकूनच लोक बिथरतील असा तो काळ. लील यांनी यंत्रणेचे काम जॉर्ज वॉरन फुलर या अभियंत्याकडे सोपवले आणि 26 सप्टेंबर 1908 रोजी बून्टन धरणावर ती सुरू झाली. रोजचे पाणी चार कोटी गॅलन, म्हणजे सुमारे 150 एमएलडी. मात्रा मात्र लिटरला 0.2 मिलीग्रॅमच्या आसपास.

फुलरपुढचे कोडे असे होते. एवढ्या पाण्यात एवढीशी मात्रा रात्रंदिवस सारखी पडत राहिली पाहिजे. टाकीच्या तळाला भोक पाडून द्रावण सोडले तर टाकी रिकामी होत जाईल तशी धार मंदावते, कारण भोकातून येणारी धार वरच्या द्रावणाच्या उंचीच्या वर्गमुळावर ठरते. टाकी पाव राहिली की धार निम्मी. त्याने मोठ्या टाकीतले द्रावण आधी एका लहान पेटीत घेतले, पेटीतली पातळी तरंगत्या गोळ्याच्या झडपेने कायम एकाच उंचीवर ठेवली आणि त्या पेटीच्या भोकातून धार सोडली. मोठी टाकी भरलेली असो वा तळाला गेलेली, धार तीच. मात्रा बदलायची तर भोक लहानमोठे करायचे. 1910 मध्ये न्यायालयाने नेमलेल्या अधिकाऱ्याने या उपायाच्या बाजूने कौल दिला आणि अमेरिकेतली शहरे एकामागून एक क्लोरीनकडे वळली.

ही हकिकत इथे सांगण्याचे कारण आहे. आपल्या कितीतरी ग्रामपंचायतींच्या टाकीवर आजही प्लास्टिकचा ड्रम, तळाला तोटी आणि तोटीतून टाकीत पडणारी टीसीएलची धार अशी व्यवस्था दिसते. टीसीएल म्हणजे ब्लीचिंग पावडरच. सकाळी ड्रम भरला तेव्हा तोटी बेतून ठेवलेली असते. दुपारपर्यंत सलाईनची बाटली संपत आल्यासारखी धार बारीक होते आणि पाण्याचा उपसा मात्र तेवढाच चालू असतो. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी सुटलेले कोडे एका लहान पेटीच्या आणि तरंगत्या गोळ्याच्या अभावी रोज नव्याने पडते. दुसरी अडचण चुन्याची. पावडर कालवून लगेच ड्रममध्ये ओतली की न विरघळलेला चुना तोटीत जाऊन बसतो. जाणता कर्मचारी पावडर वेगळ्या बादलीत कालवतो, चुना खाली बसू देतो आणि वरची निवळीच ड्रममध्ये घेतो. या कामाला दहा-पंधरा मिनिटे लागतात. पाच वाड्यांची पाळी एकट्याने सांभाळणाऱ्याकडे ती असतात का, हा वेगळा प्रश्न.

विहिरीसाठी याहून साधे आणि मला फार आवडणारे यंत्र नागपूरच्या ‘नीरी’ या संशोधन संस्थेने तयार केले: दुहेरी मडके. एका मडक्यात दुसरे ठेवायचे. आतल्याला काठाजवळ एक सेंटिमीटरचे भोक, बाहेरच्याला बुडापासून चार सेंटिमीटरवर तसेच भोक. एक किलो ब्लीचिंग पावडर आणि दोन किलो जाड वाळू ओलसर कालवून आतल्या मडक्यात भोकाच्या खाली तीन सेंटिमीटरपर्यंत भरायची, बाहेरच्याचे तोंड प्लास्टिकने बांधायचे आणि ही जोडी पाण्याच्या पातळीखाली मीटरभर टांगून ठेवायची. साडेचार हजार लिटरची विहीर आणि दिवसाचा उपसा चारेकशे लिटर असेल तर हे मडके दोन-तीन आठवडे क्लोरीन झिरपवत राहते. वीज नाही, फिरणारा एकही भाग नाही. बिघडले तर काय होते? पावडर संपते, एवढेच. पण ती संपली हे मडके कुणाला सांगत नाही. ते बघायला माणूसच विहिरीवर जावा लागतो. आणि उपसा दहापट झाला तर मडक्याला त्याचा पत्ताही नसतो. लहान घरगुती विहिरीपुरते ते उत्तम, नळयोजनेला निरुपयोगी.

पावडरीबद्दल आणखी एक गोष्ट. ताज्या पावडरीत कामाचा क्लोरीन 33 टक्क्यांच्या आसपास असतो. पोते उघडे राहिले, दमट हवा लागली, की तो उडून जायला लागतो. कोकणात पावसाळाभर पंचायतीच्या खोलीत पडलेले पोते वजनाला भरते, कामाला भरत नाही. म्हणून यंत्राच्या निवडीत माल कुठे साठवणार हाही भाग आलाच.

गॅसचे राज्य

1910 मध्ये अमेरिकी लष्करातले डॉक्टर कार्ल डार्नल यांनी दाबाखाली द्रवरूप केलेला क्लोरीन पाण्यासाठी वापरून दाखवला. 1913 मध्ये चार्ल्स वॉलेस आणि मार्टिन टिअर्नन या जोडीने न्यू जर्सीतच गॅस मोजून सोडणारे यंत्र बसवले आणि पुढची कित्येक दशके ‘क्लोरिनेटर’ म्हटले की त्यांच्या कंपनीचेच नाव पुढे येत असे. गॅसचे आकर्षण उघड आहे. पोत्यातल्या मालात दोन तृतीयांश चुना आणि इतर ऐवज असतो. सिलिंडरमध्ये निखळ क्लोरीन. तो महिनोन्महिने विटत नाही. किलोमागे सगळ्यात स्वस्त. मुंबईच्या भांडुप संकुलासारख्या सुमारे 1900 एमएलडीच्या केंद्राला लिटरमागे 2 मिलीग्रॅमचा हिशोब लावला तर दिवसाला 3.8 टन क्लोरीन होतो. एवढे काम पोती फोडून करायचे म्हटले तर रोज अकरा-बारा टन पावडर कालवावी लागेल.

गॅस येतो तो टनरमधून. आडवे ठेवलेले पोलादी पिंप, आत सुमारे 900 किलो द्रवरूप क्लोरीन. एका बाजूला दोन झडपा एकाखाली एक येतील असे ते ठेवतात. वरच्या झडपेतून वायू मिळतो, खालच्यातून द्रव. पूर्वीच्या यंत्रांत हा वायू स्वतःच्या दाबाने नळ्यांमधून पुढे ढकलला जाई. कुठे सांधा ढिला पडला, नळीला चीर गेली, की क्लोरीन खोलीत. आजची यंत्रे निर्वातावर चालतात. जोराचे पाणी एका अरुंद गळ्यातून सोडले की तिथे दाब पडतो आणि तो खेचाव क्लोरीनला टनरकडून ओढून घेतो. या गळ्याला इजेक्टर म्हणतात. टनरच्या तोंडाशीच बसवलेली झडप खेचाव असेपर्यंतच उघडी राहते. नळी फुटली तर क्लोरीन बाहेर येण्याऐवजी बाहेरची हवा आत जाते, खेचाव मोडतो आणि स्प्रिंग झडप मिटवते. गॅसच्या यंत्रांत एवढी एक सुधारणा झाली नसती तर शहरातल्या केंद्रांत टनर ठेवण्याची कुणाची छाती झाली नसती.

पण ‘सुरक्षित’ हा शब्द कुणाच्या बाजूने वापरला जातो, हे इथे नीट पाहिले पाहिजे. वीज गेली, इजेक्टरला पाणी देणारा बूस्टर पंप थांबला, खेचाव गेला, क्लोरीन बंद. ऑपरेटर सुखरूप. मात्र केंद्र डोंगरउतारावर असेल आणि पाणी गुरुत्वाने वाहत असेल तर ते वाहतच राहते, जंतूंसकट. खोलीत बसलेल्यासाठी जे यंत्र सुरक्षित बाजूला बंद पडले, ते गावासाठी नेमके उलट्या बाजूला बंद पडले. पाणी पंपाने येत असेल तर दोन्ही पंप एकाच वीजजोडणीवर एकत्र बांधून प्रश्न मिटतो. गुरुत्वाच्या योजनेत तसे होत नाही. तिथे बूस्टरला स्वतंत्र जनित्र हवे किंवा वीज जाताच आपोआप उघडणारी हायपोक्लोराइटच्या द्रावणाची टाकी तरी उंचावर ठेवलेली हवी. निविदेच्या कागदांत हा फरक शोधून पाहा, क्वचितच सापडेल.

टनरमधून वायू किती वेगाने काढता येतो यालाही मर्यादा आहे. आतला द्रव उकळून वायू होताना पिंप थंड पडते. साधारण 20 अंश तापमानाला तासाला सात-आठ किलोंपलीकडे ओढले की पिंपावर दव आणि मग बर्फाचा थर दिसू लागतो, आणि वायूचा प्रवाह दाखवणाऱ्या रोटामीटरमधला गोळा हळूहळू खाली बसतो. अशा वेळी पिंपाला शेक देण्याचा मोह होतो. तो जीवघेणा आहे. टनरला 70 अंशांच्या आसपास वितळणारे मिश्रधातूचे बूच असतात. आग लागली तर पिंप फुटू नये म्हणून बसवलेले. शेक लागला की तेच उघडतात. योग्य उपाय म्हणजे दुसरा टनर जोडीला लावणे. मोठ्या केंद्रात द्रव काढून त्याचा वायू करणारे बाष्पक बसवतात.

आता शेजारच्या माणसाचा प्रश्न. क्लोरीन हवेच्या अडीचपट जड. तो खोलीत जमिनीलगत साठतो, म्हणून बाहेर फेकणारा पंखा वर नव्हे, जमिनीलगत हवा. पंखा वर बसवण्याची चूक आपल्याकडे नवी नाही. खोली बांधणाऱ्याला पंखा खिडकीच्या वरच सुचतो. गळती शोधायला अमोनियाचा बोळा फिरवतात; गळतीपाशी पांढरा धूर उठतो. गळणाऱ्या पिंपावर पाणी मारायचे नाही, कारण पाणी आणि क्लोरीन मिळून आम्ल होते आणि ते भोक मोठे करते. पिंप फिरवून गळती वरच्या बाजूला आणायची, म्हणजे द्रवाऐवजी वायू गळेल. द्रवाच्या एका घनफळाचा वायू साडेचारशेपट होतो, तेव्हा हा फरक जीवनमरणाचा आहे. हे सगळे करायला श्वसनयंत्र लावलेली दोन शिकलेली माणसे रात्री दोन वाजताही हजर पाहिजेत.

14 जुलै 2010 ला पहाटे मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरावर काय झाले ते अनेकांना आठवत असेल. पोर्ट ट्रस्टच्या आवारात कित्येक वर्षे बेवारस पडलेल्या क्लोरीनच्या सिलिंडरमधून गळती झाली आणि शंभरावर लोकांना रुग्णालयात न्यावे लागले. तो पाणीपुरवठ्याचा माल नव्हता. पण वापरात नसलेले, कुणाच्या जबाबदारीत नसलेले पिंप काय करू शकते, हे त्यातून दिसले. माझे मत स्पष्ट आहे: पाच-दहा एमएलडीच्या केंद्राभोवती वस्ती आली असेल आणि रात्रपाळीला एकच माणूस असेल, तर किलोमागचा भाव कितीही कमी असला तरी तिथे टनर नको.

पिंपातले द्रावण

मग उरतो सोडियम हायपोक्लोराइट, म्हणजे बोलण्यातला ‘हायपो’. बाजारात 10 ते 12 टक्क्यांचे द्रावण मिळते, पिवळसर, धुण्याच्या ब्लीचच्या वासाचे. गळले तर पुसता येते. वस्तीवर वायूचा ढग जाण्याची भीती नाही. गेल्या काही दशकांत जगातल्या अनेक शहरांनी गॅस सोडून याचा रस्ता धरला तो याच कारणाने. पण हायपो गुपचूप बिघडतो. उन्हात, उष्णतेत त्याची ताकद उतरत जाते आणि द्रावण जितके तीव्र तितकी ती लवकर उतरते. चंद्रपुरात किंवा अकोल्यात मे महिन्यात पत्र्याच्या शेडखाली ठेवलेल्या पिंपाचा विचार करा. पंप ठरल्याप्रमाणे तासाला तेवढेच लिटर देतो, नोंदवहीत तेवढेच लिटर लिहिले जातात, आणि लिटरमधला क्लोरीन निम्म्यावर आलेला असतो. गॅस संपला तर रोटामीटरचा गोळा बसतो, दिसतो. हायपोची ताकद गेलेली डोळ्याला दिसत नाही. म्हणून साठा थोडा मागवायचा, सावलीत ठेवायचा, आल्या आल्या पाणी घालून पातळ करायचा, आणि प्रत्येक पिंपाची ताकद प्रयोगशाळेत तपासायची. कंत्राटात ‘इतके लिटर’ लिहिण्याऐवजी ‘पोहोचताना इतके टक्के’ असे लिहिणे यंत्राच्या निवडीइतकेच महत्त्वाचे.

हायपो सोडतो डोसिंग पंप. साध्या पंपात एक पडदा पुढेमागे हलतो. दर ठोक्याला थोडे द्रावण आत घेतो, थोडे पुढे ढकलतो. ठोक्याची लांबी आणि मिनिटातले ठोके, या दोहोंनी मात्रा ठरते. हा पंप चालताना टक-टक आवाज येतो आणि त्या आवाजावर भरवसा ठेवणे हीच सगळ्यात मोठी चूक. हायपोतून सतत ऑक्सिजनचे बारीक बुडबुडे सुटत असतात. पंप काही तास बंद राहिला, ओढनळीत बुडबुडे जमले, की पंप सुरू झाल्यावर पडदा त्या हवेलाच दाबत आणि सोडत बसतो. टक-टक चालू, द्रावण शून्य. पंप पिंपाच्या वर बसवून नळी आत सोडली असेल तर हे हमखास होते. पिंप उंचावर आणि पंप त्याच्या बुडाशी, म्हणजे द्रावण आपल्या वजनानेच पंपात येईल, अशी मांडणी केली तर त्रास पुष्कळ कमी होतो. बुडबुडे बाहेर काढणारे खास मुंडके असलेले पंप मिळतात. किंवा मग रबरी नळी रुळांखाली पिळत नेणारा पेरिस्टाल्टिक पंप घ्यावा. त्याला हवेचे वावडे नाही, फक्त नळी ठरावीक महिन्यांनी बदलावी लागते, आणि ती तालुक्याच्या गावी मिळत नसेल तर पंप धूळ खात पडतो.

आणखी दोन बारकावे, जे माहितीपत्रकात छापलेले नसतात. साधा बॉल व्हॉल्व्ह बंद केला की त्याच्या गोळ्याच्या पोकळीत थोडा हायपो अडकतो. त्यातून वायू सुटत राहतो आणि एक दिवस व्हॉल्व्ह फुटतो. हायपोच्या ओळीत गोळ्याला बारीक भोक असलेलाच व्हॉल्व्ह लावावा. दुसरे, पिंपाची पातळी पाण्याच्या नळात द्रावण सोडण्याच्या जागेपेक्षा उंच असेल तर पंप बंद असतानाही सायफनने पिंपच्या पिंप नळात उतरू शकते. त्यासाठी तिथे सायफन तोडणारी झडप हवी. मराठवाड्यातल्या जड बोअरच्या पाण्यात हायपो सोडायच्या नळीच्या टोकाला पांढरे कीटण धरते, ते वरचेवर काढावे लागते. स्टेनलेस स्टील मजबूत म्हणून आग्रहाने लावणारे भेटतात. हायपो त्याला खातो. पीव्हीसी, एचडीपीई यांनीच काम भागते.

मिठाच्या पाण्यातून वीज सोडून जागेवरच हायपो तयार करण्याची यंत्रेही आहेत. किलोभर क्लोरीनला साडेतीन किलोंच्या आसपास मीठ आणि चार-पाच युनिट वीज लागते. द्रावण एक टक्क्याहून कमी ताकदीचे, म्हणून ते लवकर उतरत नाही. लांबच्या गावाला, जिथे टँकर वेळेवर येत नाही, तिथे कल्पना चांगली. सोबत हायड्रोजन सुटतो, त्याला छपराबाहेर वाट द्यावी लागते. मीठ चांगल्या प्रतीचे नसेल तर विद्युतपट्ट्या लवकर झिजतात, आणि बदलायच्या पट्ट्यांचा भाव निविदेच्या वेळी कुणी विचारलेला नसतो.

रसायन केंद्रात येण्याच्या वाटेवरही घोटाळा होऊ शकतो. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या कॅमेलफर्ड भागाला पाणी देणाऱ्या लोअरमूर केंद्रावर 6 जुलै 1988 ला एक बदली टँकरचालक आला. केंद्रावर माणूस नव्हता. त्याच्याकडच्या किल्लीने झाकण उघडले आणि अॅल्युमिनियम सल्फेटचे, म्हणजे तुरटीच्या जातीच्या रसायनाचे, 20 टन द्रावण त्याने क्लोरीन मुरण्यासाठी असलेल्या शुद्ध पाण्याच्या टाकीत ओतले. सुमारे वीस हजार लोकांपर्यंत ते पोहोचले. आपल्या केंद्रांवर तुरटीचे द्रावण आणि हायपो दोन्ही टँकरने येतात, आणि ती दोन एकमेकांत मिसळली तर आम्लामुळे खोलीतच क्लोरीन वायू सुटतो. दोन्हीच्या भरण्याच्या तोट्या वेगवेगळ्या मापाच्या, लांब-लांब, कुलूपबंद असाव्यात. यंत्राच्या यादीत तोट्याही येतात.

आकाराचा प्रश्न

पाणी योजना तीस वर्षांनंतरच्या लोकसंख्येसाठी आखतात. जलवाहिनीच्या बाबतीत ते शहाणपणाचे आहे. नळ पुन्हा पुन्हा खोदून बदलता येत नाहीत. डोसिंग पंपाला तोच नियम लावला की मात्र भलतेच होते. समजा, तीस वर्षांनी 9 एमएलडी पाणी लागेल आणि पावसाळ्यात लिटरला 4 मिलीग्रॅम. दिवसाला 36 किलो, म्हणजे 10 टक्क्यांच्या हायपोचे तासाला 15 लिटर. कुणीतरी सुरक्षिततेसाठी दुप्पट करतो आणि 30 लिटरचा पंप येतो. आज गावाला 4 एमएलडी पुरते, हिवाळ्यात दीड मिलीग्रॅम भागते: तासाला अडीच लिटर. रात्री तीनपैकी एकच उपसा पंप चालू असेल तर एक लिटरही नाही. तीस लिटरच्या पंपाकडून एक लिटर मोजून घ्यायचा म्हणजे ठोका इतका आखूड की पडदा हलतो, द्रावण हलत नाही. असा पंप ढोबळमानाने आपल्या क्षमतेच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतच विश्वासू असतो. पंपाचे आयुष्य तसेही तीस वर्षे नसते. आज पुरेल असा लहान पंप, त्याच मापाचा दुसरा राखीव, आणि दहा वर्षांनी मोठा. असे घेतले तर खर्चही कमी आणि मात्राही खरी. हे पटायला सोपे आहे, मंजुरीच्या साच्यात बसवायला अवघड.

पंपाच्या ओढनळीवर मापाच्या खुणा असलेली एक पारदर्शक नळी उभी बसवतात. पिंपाची झडप बंद करायची, पंपाला त्या नळीतूनच द्रावण ओढू द्यायचे आणि मिनिटभरात पातळी किती उतरली ते वाचायचे. पंपाच्या तबकडीवर काहीही लिहिलेले असो, खरी मात्रा हीच. तिची किंमत पंपाच्या किमतीच्या मानाने किरकोळ असते. तरी काटछाट करायची वेळ आली की सगळ्यात आधी हीच जाते.

आणि शेवटी, बंद पडल्याचे कळणार कसे? गावात ओटी चाचणी असते: पाण्यात थेंब टाकायचे, पिवळा रंग आला की क्लोरीन आहे. रंग दहा सेकंदांच्या आत पाहायचा असतो. उशिरा पाहिला तर अमोनियाशी जुळलेला, दुबळा क्लोरीनही रंग देतो आणि खोटा दिलासा मिळतो. ही चाचणी दिवसातून एकदा होते. उरलेले तेवीस तास कोण पाहतो? 2025 च्या जानेवारीत पुण्यात सिंहगड रस्ता, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी या भागांत गियाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण वाढले, रुग्णांच्या तपासण्यांत कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जंतू सापडला आणि सगळ्यांच्या नजरा पाण्यातल्या क्लोरीनकडे वळल्या.

त्याच जातीच्या जंतूची आणि एका घातक ई. कोलायची गाठ 2000 साली कॅनडातल्या वॉकर्टनला पडली होती. ऑन्टारियो प्रांतातले पाचेक हजार वस्तीचे गाव. मे महिन्यात मुसळधार पाऊस झाला, शेताजवळच्या ‘पाच नंबर’च्या उथळ विहिरीत शेणखताचे पाणी उतरले. क्लोरीनचे यंत्र जागेवर होते. पण ऑपरेटर वर्षानुवर्षे ते कमी मात्रेवर चालवत. लोक वासाची तक्रार करायचे, आणि पाणी मुळात चांगलेच आहे अशी ऑपरेटरांची स्वतःची खात्री होती. ते स्वतः तिथले कच्चे पाणी पीतही असत. रोजची मुक्त क्लोरीनची तपासणी बहुतेक वेळा होत नसे; नोंदवहीत 0.5 किंवा 0.75 असे आकडे सवयीने भरले जात. पावसाच्या पाण्याने क्लोरीनची मागणी वाढली, जेमतेम सोडलेला क्लोरीन त्यातच संपला. सात जण दगावले, सुमारे 2300 आजारी पडले. न्यायमूर्ती डेनिस ओ’कॉनर यांच्या चौकशीचा निष्कर्ष यंत्राच्या निवडीपाशीच येतो: पाच नंबरच्या विहिरीवर उर्वरित क्लोरीन आणि गढूळता सतत मोजणारे उपकरण असते तर ही साथ टळली असती.

असे उपकरण घेताना ते नुसते स्क्रीनवर आकडा दाखवणारे घेऊ नये. क्लोरीन मुरून झाल्यानंतरच्या पाण्यावर ते बसवावे, दर आठवड्याला हातच्या चाचणीशी ताडून पाहावे, आणि आकडा ठरलेल्या पातळीखाली गेला की त्याने दोन कामे आपोआप करावीत: कनिष्ठ अभियंत्याच्या मोबाइलवर संदेश पाठवावा आणि उपसा पंप थांबवावा. दुसऱ्या कामाला विरोध होतो. टाकी भरली नाही तर सकाळी लोक दारात येतात, म्हणून ती तार काढून ठेवलेली अनेक ठिकाणी सापडते. यंत्र ताब्यात घेताना ठेकेदारासमोर हायपोचे पिंप मुद्दाम बंद करावे आणि उपसा पंप किती मिनिटांत थांबतो ते घड्याळ लावून पाहावे. थांबत नसेल तर बिलावर सही करू नये.